फोनची वही वाचून घ्या

लिंबागणेश आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, आक्का, कुणी वावरातून येऊन चुलीपुढं बसली असेल, कुणी लेकराला झोपवत असेल. हातातलं काम चालू राहू द्या आणि कान इकडं द्या.

आज आपण फोनमधल्या मदतनीसाबद्दल बोलू. पोरं त्याला ‘एआय’ म्हणतात. चॅटजीपीटी, जेमिनी, मेटा एआय अशी त्याची वेगवेगळी नावं आहेत. बोलून किंवा लिहून विचारलं की तो मराठीत उत्तर देतो. २०२५ साली एअरटेलनं पर्प्लेक्सिटी आणि जिओनं जेमिनी आपल्या ग्राहकांना ठरावीक मुदतीसाठी फुकट दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटीची ‘गो’ नावाची योजना भारतात वर्षभरासाठी फुकट झाली. त्यामुळं ही गोष्ट आता पुण्या-मुंबईची राहिली नाही. आपल्या गटातल्या बायकाही त्याला विचारतात. कापसावरची बोंडअळी कशी ओळखायची? सीताफळाच्या गराची पिशवी विकायची तर तिच्यावर काय काय छापावं लागतं? बँकेला अर्ज कसा लिहायचा?

आणि मग एक दिवस असं होतं की आपण नुसतं ‘आता पाणी कधी द्यावं?’ असं विचारतो आणि तो म्हणतो, ‘तुमच्या दोन एकर कापसाला...’ आपण दचकतो. आज तर आपण कापसाचं नावही घेतलं नव्हतं, मग याला कळलं कसं?

यात भुताटकी काही नाही. याला माणसासारखी आठवण येते असंही नाही. त्याच्याकडं एक वही असते. ती वही कशी चालते, तिच्यात कोण लिहितं आणि ती आपल्याला कशी वाचता येते, हे आज सांगायचं आहे.

वह्यांचा अनुभव आपल्या भागातल्या बाईला नवा नाही. तिच्या आयुष्यात दोन वह्या असतात. एक मुकादमाची. ऊसतोडीला जायच्या आधी कोयत्याला उचल मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. किती उचल दिली, किती फिटली, किती खाडे झाले, हे सगळं मुकादम लिहून ठेवतो. हंगाम संपल्यावर तो सांगतो, ‘अजून एवढे अंगावर आहेत.’ राबताना निम्मा कोयता बाईचा असतो, पण ती वही बाईपुढं उघडत नाही. दुसरी वही आपल्या बचत गटाची. मी स्वतः गटाची हिशोबाची वही लिहिते, म्हणून सांगते. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी ही पाच सूत्रं आहेत. नोंद केली की ती बैठकीत मोठ्यानं वाचायची. कुणी म्हणालं, ‘माझे शंभर लिहायचे राहिले,’ तर तिथंच दुरुस्त करायचं आणि मग सह्या घ्यायच्या.

दोन्ही वह्यांत आपलीच नोंद असते. एक आपल्याला दिसत नाही, दुसरी दिसते आणि दुरुस्तही करता येते. एवढ्या एका फरकानं एका वहीपुढं आपण दबून राहतो आणि दुसरीच्या जोरावर उभ्या राहतो. फोनमधल्या मदतनीसाची वही ही आता आपली तिसरी वही झाली आहे. ती मुकादमाच्या वहीसारखी राहील की गटाच्या वहीसारखी होईल, हे बरंचसं आपण ती उघडून वाचतो की नाही यावर ठरणार आहे.

आता ही वही चालते कशी ते पाहू.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हा मदतनीस बनवताना कंपनीनं त्याला पुस्तकं, बातम्या, इंटरनेटवरचा मजकूर असं अफाट वाचन देऊन तयार केलेलं असतं. ती त्याची शिकवणी. ती उरकली की त्याचा मेंदू तयार झाला. तुम्ही त्याच्याशी तासभर बोललात तरी तो मेंदू त्या वेळी तिळभरही बदलत नाही. मग आधीचं बोलणं त्याला माहीत कसं राहतं? तुम्ही नवं वाक्य बोललात की तो आधीच्या बोलण्यासकट सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि मग उत्तर देतो. दर वेळी. बैठकीला उशिरा आलेली बाई जशी आधी इतिवृत्त वाचून घेते आणि मगच बोलते, तसं. बोलणं फारच लांबलं तर सुरुवातीची पानं त्याच्या नजरेतून सुटतात. म्हणून कधी कधी लांबलचक बोलण्याच्या शेवटी तो आपण आधी सांगितलेलंच विसरल्यासारखा वागतो.

ही झाली एका बोलण्यापुरती आठवण. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याच्याकडं एवढीच आठवण होती. नवं बोलणं सुरू केलं की पाटी कोरी. नाव सांगा, गाव सांगा, पीक सांगा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीनं ‘मेमरी’ ही सोय सुरू केली, आधी थोड्या लोकांसाठी. म्हणजे काय केलं? मदतनीसाला एक वेगळी वही दिली. बोलता बोलता पुढं उपयोगी पडेल असं काही आलं की तो त्या वहीत छोटी टीप लिहितो. ‘हिची दोन एकर जमीन आहे. कापूस आहे. गटाची सचिव आहे. उत्तर मराठीत आवडतं.’ पुढच्या वेळी तुम्ही नवं बोलणं सुरू केलं की तुमच्या प्रश्नाच्या आधी त्या टिपा गुपचूप त्याच्यापुढं ठेवल्या जातात. दोन एकर कापसाचं कोडं इथं सुटतं. त्याला आठवलं नव्हतं, त्यानं टीप वाचली होती.

एप्रिल २०२५ मध्ये यात आणखी भर पडली. आता तो फक्त टिपाच नाही तर तुमची जुनी बोलणीही चाळू शकतो आणि त्यातून तुमचा अंदाज बांधू शकतो. जेमिनीसारख्या दुसऱ्या मदतनीसांनीही अशाच सोयी आणल्या.

इथं नीट लक्ष द्या. टिपा दोन तऱ्हेनं होतात. एक, तुम्ही सांगितलं म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘लक्षात ठेव, मला एकर-गुंठ्यात सांगत जा, हेक्टरमध्ये नको,’ आणि त्यानं ते लिहिलं. दुसरी, तुम्ही काहीच सांगितलं नाही, पण त्यानं ताडलं. दोन-तीनदा उपवासाचे पदार्थ विचारले की त्याला वाटतं ही फार उपवास करते. तुम्ही विचारलं होतं सासूबाईंसाठी! यूट्यूबचंही असंच आहे. एक कीर्तन शेवटपर्यंत ऐकलं की दहा कीर्तनं पुढं येतात. आवड आपण बोलून दाखवलेली नसते, आपल्या वागण्यावरून धरलेली असते. शेजारीणही आपल्याला असंच ओळखते म्हणा. पण तिची समजूत चुकली तर ती तोंडावर कळते. मशीनची चुकलेली समजूत आपण विचारल्याशिवाय कळत नाही.

आता कुणी म्हणेल, ही वही मग असावीच कशाला? उपयोग आहे, बायांनो, खोटं कशाला बोलू. ज्या बाईला लिहिण्याचा कंटाळा आहे, किंवा लिहिता येतच नाही, तिला दर वेळी सगळी कहाणी सांगायला लावणं म्हणजे शिक्षाच. एकदा निवांत बसून त्याला सांगा, ‘लक्षात ठेव. मी बीड तालुक्यातल्या लिंबागणेशची आहे. आमची शेती कोरडवाहू आहे. मला सोप्या मराठीत, चार-पाच वाक्यांत उत्तर देत जा. औषधाचं प्रमाण पंपाच्या हिशोबानं सांगत जा. माहिती नसेल तर माहिती नाही म्हण.’ एवढं लिहून घेतलं की पुढचा वेळ वाचतो. सीताफळाचा हंगाम आला की गटाला दर वर्षी तीच कामं असतात. मजुरीचा हिशोब, गराच्या पिशवीवरचा मजकूर, गिऱ्हाइकाला पाठवायचा निरोप. मागच्या वर्षी कोणता नमुना पसंत पडला होता, हे मदतनीसाला माहीत असेल तर काम हलकं होतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव कुणाला आणि कोणत्या नियमानं वापरता येतं, हे मात्र मदतनीसाच्या भरवशावर ठेवू नका. ते कृषी विभागात विचारा आणि मगच त्याला लिहायला सांगा.

उपयोग झाला. आता या वहीच्या खोडी ऐका.

पहिली खोड, शिळी नोंद. आपलं आयुष्य हंगामाबरोबर बदलतं, वही आपोआप बदलेलच असं नाही. गेल्या साली कापूस होता, यंदा सोयाबीन पेरलं. वहीत कापूसच राहिला, तर तो पाण्याचं आणि फवारणीचं सांगताना कापूस धरून सांगेल आणि आपण ते सोयाबीनवर करून बसू. दिवाळीनंतर आपण तोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलो, लेकराला ताप आला, जवळचा दवाखाना विचारला, तर गावाची नोंद वाचून तो बीडकडचं सांगू शकतो. म्हणून ठिकाण बदललं की आधी सांगायचं, ‘मी आता गावात नाही. अमुक ठिकाणी आहे.’

दुसरी खोड, सरमिसळ. आणि आपल्या घरांत हीच सगळ्यात मोठी. ही वही माणसाची नसते, खात्याची असते. फोनमध्ये ज्या खात्यानं शिरलात त्या खात्याची. आता आपल्याकडं फोन कुणाचे असतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २१ ची पाचवी फेरी सांगते की देशात स्वतः वापरते असा मोबाईल असणाऱ्या बायका साधारण ५४ टक्के. खेड्यांत निम्म्याहून कमी. म्हणजे घरात फोन एक, सकाळी नवऱ्याच्या खिशात, दुपारी पोराच्या हातात, रात्री आपल्याकडं. तिघांचं बोलणं एकाच वहीत. पोरानं पोलीस भरतीचं विचारलं, नवऱ्यानं ट्रॅक्टरच्या कर्जाचं विचारलं, आपण पाळी चुकल्याचं विचारलं. मदतनीसाच्या लेखी हे सगळं एकच माणूस.

यात हसण्यासारखं आहे तसं जिवाला घोर लावणारंही आहे. आपण काय विचारलं ते नंतर फोन उघडणाऱ्याला जुन्या बोलण्यांच्या यादीत दिसतं. यादीतून ते बोलणं काढलं तरी टीप वहीत राहू शकते. चॅटजीपीटीमध्ये टिपा वेगळ्या ठेवलेल्या असतात. बोलणं पुसलं म्हणून टीप पुसली जात नाही. दोन्हीकडून पुसावं लागतं. नाही तर आठवड्यानं पोरानं भलतंच काही विचारावं आणि मदतनीसानं म्हणावं, ‘तुमच्या आधीच्या त्रासाचा विचार करता...’ बाई घरात मार खात असेल, माहेरी जाण्याचा किंवा पोलिसांत जाण्याचा विचार करत असेल, तर ती एक टीप तिच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून अशा गोष्टींसाठी दोन वाटा लक्षात ठेवा. चॅटजीपीटी आणि जेमिनी या दोन्हींत ‘टेम्पररी चॅट’ नावाची सोय आहे. टेम्पररी म्हणजे तात्पुरतं. त्यात केलेलं बोलणं यादीत दिसत नाही आणि वहीत टीपही होत नाही. कंपनीकडं ते काही काळ राहतं, पण घरातल्या फोनमध्ये दिसत नाही. दुसरी वाट माणसांची. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या वेळी ११२ आहे. फोन लावल्यावर तो नंबर कॉलच्या यादीतून काढायला विसरू नका. फोनच हाती नसेल तर आशाताई आहे, गट आहे. मशीनच्या आधी माणूस, हे कायम ध्यानात असू द्या.

आपल्या जिल्ह्यात बाईच्या शरीराचा विषय किती नाजूक आहे, हे मी तुम्हाला काय सांगावं! २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. आता कल्पना करा, अशीच एखादी बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून फोनला विचारते. बोलता बोलता ती म्हणते, ‘मला खाडा परवडत नाही, एकदाचं काय ते मोकळं व्हायचंय.’ मदतनीस ही तिची आवड म्हणून टिपून घेऊ शकतो. ‘हिला झटपट उपाय हवा आहे.’ पुढच्या वेळी कंबर दुखते म्हणून विचारलं तरी त्याचं उत्तर त्या टिपेकडं झुकू शकतं. खाडा परवडत नाही ही तिची आवड नव्हती, ती तिची अडचण होती. माणसाला हा फरक चेहऱ्यावर दिसतो, वहीत तो दिसत नाही. शस्त्रक्रियेसारख्या गोष्टीत फोनचं उत्तर हा सल्ला धरू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, सोबत गटातली एक बाई न्या.

यातूनच तिसरी खोड कळते. ती म्हणजे मन राखणं. असे मदतनीस घडवताना कोणतं उत्तर लोकांना पसंत पडलं याचाही विचार केलेला असतो. त्यामुळं त्यांचा कल मुळातच हो ला हो करण्याकडं असतो. त्यात तुमच्या आवडीच्या टिपा मिळाल्या की तुम्हाला रुचेल असंच बोलणं तो पुढं करतो. तुम्ही म्हणालात, ‘जाऊबाईचंच चुकलं ना?’ तर तो बहुधा तुमची बाजू घेईल. गटात मात्र तुम्ही कर्ज मागितलं की एखादी म्हातारी तोंडावर म्हणते, ‘आधीचं फेडलं का गं?’ राग येतो, पण आपलं भलं तिच्यातच असतं. म्हणून मोठा निर्णय असेल तेव्हा मदतनीसाला मुद्दाम विचारा, ‘यात माझं काय चुकतंय ते सांग. माझ्या विरुद्ध बाजूनं बोल.’ तेही तो करतो, पण सांगावं लागतं.

आता जरा पलीकडचं. आत्तापर्यंत बोललो ती आपल्या खात्यापुरती वही. तिच्याशिवाय कंपनीचं स्वतःचं एक कोठार असतं. आपण बोललेलं पुढच्या मदतनीसाच्या शिकवणीसाठी वापरलं जाऊ शकतं. वहीतली टीप खोडली म्हणून त्या शिकवणीत एकदा गेलेलं परत निघत नाही. पिठात मीठ मिसळल्यासारखं आहे ते. चॅटजीपीटी आणि जेमिनीच्या सेटिंगमध्ये ही परवानगी बंद करायची सोय आहे. ती शिकलेल्या पोरीकडून बंद करून घ्या. गुगल तर जेमिनीबद्दल स्वतःच सांगते की गुप्त माहिती यात लिहू नका, कारण काही बोलणी तपासायला माणसं बसवलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपचंही समजून घ्या. आपण बहिणीला पाठवलेला निरोप बहिणीशिवाय कुणाला वाचता येत नाही. पण त्याच व्हॉट्सअ‍ॅपमधल्या मेटा एआयला जे विचारतो ते थेट कंपनीकडं जातं. दार एकच दिसतं, पण आतल्या खोल्या दोन आहेत.

म्हणून आधार क्रमांक, बँक खातं, एटीएमचा पिन, फोनवर आलेला ओटीपी यातलं काहीही मदतनीसाला द्यायचं नाही. गटाच्या सचिवांना माझं खास सांगणं आहे. हिशोब जुळेना म्हणून आपण वहीच्या पानाचा फोटो काढून त्याला देतो. त्या पानावर दहा जणींची नावं असतात, कुणाचं कर्ज थकलंय तेही असतं. ती माहिती आपली एकटीची नाही. नावं झाकून ‘सदस्य एक, सदस्य दोन’ असं लिहा. आणि आधी बैठकीत विचारा, ‘असं करू का?’ ठराव लिहून घ्या.

हे सगळं आपण उपकार म्हणून मागत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. या कायद्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. माझी कोणती माहिती तुमच्याकडं आहे, हे विचारायचा हक्क. चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यायचा हक्क. नको असेल तर पुसून घ्यायचा हक्क. आणि दिलेली परवानगी परत घ्यायची सोय, तीही परवानगी देणं जितकं सोपं होतं तितकीच सोपी. शिवाय परवानगी मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय कंपनीनं द्यायची आहे. त्या यादीत आपली मराठी आहे. वाचून दाखवा, दुरुस्त करा, खोडा. आपल्या बैठकीचेच नियम आहेत की हे!

एक गोष्ट सरकारी बाजूची. राज्याच्या कृषी विभागानं २०२५ च्या खरिपाआधी ‘महाविस्तार’ नावाचं एआयवर चालणारं अ‍ॅप आणलं. त्यात शेतीचे प्रश्न मराठीत विचारता येतात. चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण पुढं अशी अ‍ॅपं शेतकऱ्याची ओळख धरून, त्याच्या रानाचा आणि पिकाचा इतिहास लक्षात ठेवून सल्ला देत जातील. तेव्हा प्रश्न येईल, शेतकरी म्हणून नाव कुणाचं? शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. खुरपणी आपली, वेचणी आपली, आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. मग मशीनची आठवणही त्याच्याच नावावर साठत जाईल. पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडं चौकशी करा. जुन्या कागदावर नाव लागलं तर नव्या वहीतही लागेल.

आता येत्या बैठकीत करण्यासारखं सांगते. आपली पंचसूत्री आहेच, फोनच्या वहीचीही पाच सूत्रं करू.

पहिलं, वाचून घ्या. महिन्यातून एकदा मदतनीसाला मराठीत विचारा, ‘माझ्याबद्दल तू काय काय लक्षात ठेवलं आहेस? सगळं सांग.’ तो सांगतो. त्यावरच थांबू नका, सेटिंगमध्ये ‘मेमरी’ असं लिहिलेलं असतं, तिथं टिपांची यादी असते, तीही बघा.

दुसरं, दुरुस्त करा. पीक बदललं, गाव बदललं, सून बाळंत झाली, तर जुनं खोडून नवं लिहायला सांगा.

तिसरं, खोडा. जे घरात कुणाला दिसू नये ते बोलण्याच्या यादीतूनही काढा आणि टिपांतूनही काढा. अशा विषयाला पहिल्यापासूनच तात्पुरतं बोलणं वापरा.

चौथं, वह्या वेगळ्या करा. फोन एक असला तरी खातं वेगळं करता येतं. गटासाठी एक, घरासाठी एक. तेवढंही जमत नसेल तर बोलणं सुरू करताना सांगा, ‘आता मी बोलतेय, आधीचं धरू नकोस.’ पण एवढ्यानं जुन्या टिपा पुसल्या जात नाहीत आणि घरातल्या नजरेपासून आडोसाही होत नाही. त्यासाठी वेगळं खातंच लागतं.

पाचवं, दुसऱ्या बाईची गोष्ट तिला विचारल्याशिवाय देऊ नका. ना नाव, ना फोटो, ना दुखणं.

हे एकट्यानं करायला गेलं तर अवघड वाटतं. बैठकीत एक फोन मधे ठेवा, कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या लेकीला बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारून बघा. फोन मात्र अशा बाईचा घ्या, जिची स्वतःची तयारी आहे. आणि तिला आधी एकटीला वाचू द्या. काय मोठ्यानं वाचायचं, ते तिनं ठरवायचं. गटाची वही सगळ्यांची असते, ही वही तिची एकटीची आहे.

पहिल्या वर्षी गटाच्या वहीवर सही करायला किती जणींचे हात थरथरले होते ते आठवा. आज त्याच बाया बँकेत साहेबापुढं खुर्ची ओढून बसतात आणि खात्याचा उतारा मागून घेतात. वही वाचून मागायची सवय आपल्याला लागलेली आहे. तीच सवय फोनलाही लावायची, एवढंच.

बैठकीत विचारून बघितल्यावर वहीत काय निघालं, काय चुकीचं निघालं, ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा किंवा निरोप पाठवा. नावं न घेता त्यावर पुन्हा बोलू. पेरणीच्या आणि पावसाच्या गडबडीत तब्येतीला जपा.